वॉर्डाच्या रेषेत अडकलेली शाळा

मूल कोणत्या शाळेत जाणार, हे त्याच्या बुद्धीवरून नाही तर घराच्या पत्त्यावरून ठरते तेव्हा पालकांत वाद होणारच. जबलपूरसारख्या शहरात हा वाद फक्त अंतराचा राहत नाही, तो वस्त्यावस्त्यांमधल्या दुराव्याचाही होतो.

उन्हाळ्याचे दिवस आले की जबलपूरच्या गल्ल्यांमध्ये एक प्रश्न हमखास कानी पडतो. मराठी घरांत तो असा विचारला जातो, ‘वहिनी, तुमचा वॉर्ड कोणता हो?’ निवडणूक सोडली तर ज्या वॉर्डाच्या क्रमांकाशी कुणाला देणेघेणे नसते, तो या दिवसांत एकदम मोलाचा होतो. कारण सरळ आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी शाळांतल्या पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. मध्य प्रदेशात या जागांची सोडत निघते तेव्हा आधी पाहिले जाते ते मूल कोणत्या वॉर्डात राहते हे.

जबलपूर महापालिकेचे ७९ वॉर्ड आहेत. वॉर्डांच्या सीमा बहुधा एखादा रस्ता, नाला किंवा रेल्वेचा रूळ धरून आखलेल्या असतात. त्यामुळे घराच्या खिडकीतून जिचे फाटक दिसते ती शाळा कागदोपत्री दुसऱ्या वॉर्डात असू शकते, आणि दीड किलोमीटर चालत जावे लागणारी शाळा ‘आपल्या’ वॉर्डात. रस्त्याच्या अलीकडच्या मुलाचा क्रम खाली जातो, पलीकडच्याचा वर. दोन्ही मुले रोज एकाच मैदानात खेळत असतात. ‘आमच्या मुलाने असा काय गुन्हा केला?’ असे एखाद्या आईने विचारले तर तिला समाधानकारक उत्तर देणे कठीणच आहे.

रेषा आखली कुणासाठी?

मुळात वॉर्ड आखले जातात ते मतदानासाठी. प्रत्येक नगरसेवकाच्या वाट्याला साधारण सारखी लोकसंख्या यावी, हा त्यामागचा हेतू. कोणत्या वॉर्डात किती शाळा आहेत याचा विचार त्या वेळी होत नाही आणि तो होण्याचे कारणही नसते. साहजिकच राइट टाउन, नेपियर टाउनसारख्या जुन्या, मध्यवर्ती भागांत शाळांची दाटी आणि शहराच्या कडेला वाढत गेलेल्या वस्त्यांत चांगल्या शाळेची वाट पाहणारे पालक, असे चित्र दिसते. मतांची वाटणी करणारी रेषा बालवर्गाच्या जागांची वाटणी करू लागली की असा गोंधळ होणारच.

नियम करणाऱ्यांना याची अगदीच कल्पना नव्हती असे नाही. म्हणूनच आधी त्याच वॉर्डातली मुले, मग लागून असलेल्या वॉर्डातली आणि त्यानंतरही जागा उरल्या तर ‘विस्तारित पडोस’ म्हणजे आणखी दूरची मुले, अशी क्रमवारी ठेवली आहे. पालकांना एकापेक्षा जास्त शाळांची नावे पसंतीक्रमाने देता येतात. भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्राकडून संगणकावर सोडत निघते. पूर्वी शाळेच्या कार्यालयात ओळखीपाळखीने जे चालत असे, त्याला यामुळे बराच आळा बसला, हे मान्य करायला हवे. पण ज्या शाळेसाठी उड्या पडतात, तिच्या जागा पहिल्याच फेरीत त्याच वॉर्डातल्या मुलांनी भरून जातात. शेजारच्या वॉर्डापर्यंत पाळी येतच नाही. तिसऱ्या क्रमांकावर उरतात त्या बहुतेक कुणालाच नको असलेल्या जागा.

कायद्याला काय अभिप्रेत होते?

‘शेजारची शाळा’ ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने समान शाळा पद्धतीचा आग्रह धरला होता. एका परिसरातली सगळी मुले, मग ती अधिकाऱ्याची असोत की हमालाची, एकाच शाळेत शिकावीत, असा त्याचा अर्थ. शेजारीपाजारी राहणारी मुले एकत्र शिकली तर त्यांच्या मनातली दरी कमी होईल आणि प्रतिष्ठित पालकांचेही लक्ष त्या शाळेकडे राहील, अशी आयोगाची अपेक्षा होती.

त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ गेला. २००९ साली शिक्षण हक्क कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. केंद्राच्या नमुना नियमांनी पहिली ते पाचवीसाठी घरापासून चालत १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर अशी परिसराची मर्यादा सुचवली. हेतू सरकारला बांधून घेण्याचा होता. सहा-सात वर्षांच्या मुलाला शाळेसाठी यापेक्षा लांब चालावे लागू नये, ही सरकारची जबाबदारी. पण पुढे झाले असे की, जी मर्यादा सरकारच्या कर्तव्याची होती, ती मुलाच्या हक्काची मर्यादा म्हणून वापरली जाऊ लागली. इथेच वादाचे मूळ आहे.

शहर एक, वाटण्या अनेक

जबलपूरमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण हे शहर तुकड्यातुकड्यांनी वाढले आहे. विनोबांनी ज्याला ‘संस्कारधानी’ म्हटले, त्या या शहरात इंग्रजांच्या काळातला कॅन्टोन्मेंट आहे आणि त्याला लागून सदर बाजार. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली. प्रत्येक कारखान्याबरोबर त्याची वसाहत आली आणि वसाहतीत हुद्द्याप्रमाणे लहानमोठे क्वार्टर्स आले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, जबलपूर उच्च न्यायालयाचे मुख्य ठिकाण झाले आणि नागपूरकडची अनेक वकील आणि नोकरदार मराठी कुटुंबे इथे स्थिरावली. २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय इथे आले. दुसरीकडे हनुमानताल, घमापूर, गोहलपूर, अधारताल, रांझी, गढा अशा वस्त्या स्वतःच्या वळणाने वाढत गेल्या.

प्रत्येक वस्तीने आपापल्या शाळा धरून ठेवल्या. कारखान्यांच्या परिसरात केंद्रीय विद्यालये आहेत. तिथे बदलीच्या नोकरीत असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना अग्रक्रम मिळतो. तिथल्याही पहिलीच्या २५ टक्के जागा शिक्षण हक्काखाली परिसरातल्या मुलांसाठी असतात, पण परिसराचे माप निराळे. शहरी भागात ते ५ किलोमीटर त्रिज्येचे धरतात. मॉडेल हायस्कूल म्हणून जुन्या पिढीला ठाऊक असलेल्या सरकारी उत्कृष्ट विद्यालयात नववीचा प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर मिळतो, तिथे वॉर्ड पाहत नाहीत.

राहिल्या शहरातल्या जुन्या मिशनरी शाळा. अनेक पालकांची पहिली पसंती त्यांना असते. परंतु २५ टक्के राखीव जागांचे बंधन अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी हा कायदा वैध ठरवताना विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले आणि ६ मे २०१४ च्या निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळाही वगळल्या गेल्या. २०१४ चा हा निर्णय पुन्हा तपासावा, असे मत सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी व्यक्त केले आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्याची शिफारस केली.

म्हणजे एकाच गल्लीतल्या चार मुलांना चार वेगवेगळी मापे लागतात. एकाला वॉर्ड, दुसऱ्याला वडिलांची नोकरी, तिसऱ्याला गुण आणि चौथ्याला वडिलांच्या खिशातला पैसा. यातल्या पहिल्याच मुलाला रेषेपाशी अडवले जाते. ज्याला फी भरणे परवडते, तो शहराच्या या टोकापासून त्या टोकाला बसने जाऊ शकतो. त्याचा वॉर्ड कुणी विचारत नाही.

दोन्ही बाजू ऐकायला हव्यात

या वादात एका बाजूला जवळच्या शाळेचा आग्रह धरणारे पालक आहेत. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पाच वर्षांच्या मुलाला पहाटे उठवून ऑटोत कोंबायचे, जबलपूरच्या मे-जूनच्या उन्हात घरी आणायचे, हे कोणत्या आईला आवडेल? जवळच्या शाळेत आजीसुद्धा नातवाला सोडू शकते. मूल आजारी पडले तर दहा मिनिटांत पोहोचता येते. ज्या घरात आईबाप दोघेही मजुरीला जातात, तिथे ऑटोचे महिन्याचे भाडे फीइतकेच जड जाते. शिवाय आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेवर पहिला हक्क आपला असावा, ही भावनाही स्वाभाविक आहे. बाहेरून मुले आली आणि घराशेजारचे मूल बाहेर राहिले तर मन दुखावतेच.

दुसऱ्या बाजूला असतात ते पालक, ज्यांच्या वस्तीत निवडण्यासारखी शाळाच नाही. ते म्हणतात, आधी आम्हाला शहराच्या कडेला ढकलले, कारण तिथेच घर परवडत होते. आता त्याच घराच्या पत्त्यावरून मुलाची शाळाही ठरवता. वस्ती गरीब म्हणून शाळा गरीब आणि शाळा गरीब म्हणून मूलही तिथेच राहायचे, हे चक्र तोडायचे तरी कधी? यांचेही म्हणणे खोडून काढता येत नाही.

खरे तर या दोन्ही पालकांचे भांडण एकमेकांशी नसून चांगल्या शाळांच्या तुटवड्याशी आहे. पण तुटवडा डोळ्यांना दिसत नाही, शेजारी दिसतो. म्हणून राग शेजाऱ्यावर निघतो. ‘त्यांच्या भागातली मुले’ आणि ‘आमच्या भागातली मुले’ अशी भाषा सुरू होते. बीपीएल कार्ड खरे की खोटे, याची कुजबुज होते. कुणी नातेवाइकाच्या पत्त्यावर अर्ज भरतो, कुणी भाडेकराराचा कागद तयार करून घेतो. हे धोक्याचे आहे. जवळच्या नागपुरातच २०२४ मध्ये या प्रवेशांसाठी बनावट कागदपत्रे दिल्यावरून पालकांविरुद्ध पोलिसांत गुन्हे दाखल झाले होते. मुलाच्या शाळेचा पहिला दिवस खोट्या पत्त्याने सुरू व्हावा, याहून वाईट ते काय?

महाराष्ट्राने घेतलेला धडा

सीमेचा नियम बदलला की काय घडते, हे महाराष्ट्राने २०२४ मध्ये पाहिले. तिथे वॉर्डाऐवजी किलोमीटर मोजतात. पालक नकाशावर घराची खूण करतात, आधी १ किलोमीटरच्या आतली मुले, मग १ ते ३ किलोमीटरमधली, असा क्रम लागतो. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियमात दुरुस्ती केली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या १ किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या बंधनातून मोकळे केले गेले. सरकारी शाळा असताना खासगी शाळांना पैसे का द्यायचे, असा त्यामागचा हिशेब होता.

शहरांत जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही अशी खासगी शाळा सापडणार कुठे? म्हणजे नावाला कायदा राहिला आणि दार मात्र बंद झाले. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्दच केली. संसदेने केलेल्या कायद्याने दिलेला हक्क राज्याला नियम करून काढून घेता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. हक्क वाचला, पण त्या वर्षीचे प्रवेश रेंगाळले. शाळा सुरू झाल्या तरी हजारो घरांत मुले दप्तर घेऊन निकालाची वाट पाहत होती.

सगळीकडे असेच झाले असे नाही. कर्नाटकाने २०१८ च्या अखेरीस अशाच प्रकारचा नियम केला होता आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो वैध ठरवला. दिल्लीत तर उलटा प्रकार घडला. जानेवारी २०१७ मध्ये सरकारी जमिनीवरच्या खासगी शाळांनी नर्सरीचे प्रवेश फक्त परिसराच्या आधारे द्यावेत असा आदेश निघाला. या वेळी मध्यमवर्गीय पालकही विरोधात उभे राहिले. फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. रेषा आपल्याला आड येते तेव्हा ती अन्यायकारक वाटते, दुसऱ्याला अडवते तेव्हा मात्र व्यवहार्य वाटते. हा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सात समुद्रांपलीकडेही तेच

श्रीमंत देशांनी हा प्रश्न सोडवला आहे, असा समज असेल तर तोही खरा नाही. अमेरिकेत सार्वजनिक शाळा घराच्या पत्त्यावरून मिळते. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या, पण वस्त्या वेगळ्याच राहिल्याने शाळाही बऱ्याच अंशी वेगळ्या राहिल्या. मग मुलांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत नेण्याचा मार्ग निघाला आणि त्यावरून शहरेच्या शहरे पेटली. आजही तिथे शाळेची हद्द बदलायची म्हटले की पालकांच्या सभा मध्यरात्रीपर्यंत चालतात, कारण हद्दीबरोबर घराची किंमतही बदलते. इंग्लंडमध्ये ब्रायटन शहराने २००८ पासून जास्त मागणी असलेल्या शाळांसाठी परिसराच्या आत सोडत सुरू केली. दक्षिण कोरियाने १९७४ पासून सोलमध्ये हायस्कुलांच्या प्रवेश परीक्षेऐवजी विभागवार सोडत आणली, तर चांगल्या शाळांच्या विभागात घरांचे भाव वाढले. एकूण काय, कोणतीही रेषा स्वतःहून न्यायी नसते. ती कोण आखतो, कुणाला विचारून आखतो आणि चुकली तर दुरुस्त करतो की नाही, यावर सारे अवलंबून असते.

मार्ग कोणता?

पहिली गोष्ट, शाळेचा परिसर वॉर्डावरून नाही तर मुलाच्या पायवाटेवरून मोजला जावा. नकाशावरचे सरळ अंतर आणि चालण्याचे अंतर यांत फार फरक असतो. रेल्वेचा रूळ, नाला किंवा भरधाव वाहनांचा रस्ता मध्ये असेल तर अर्धा किलोमीटरही लांब पडतो. जबलपुरात २०२५ मध्ये मदनमहल ते दमोह नाका हा सुमारे ७ किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. मोटारींसाठी दोन टोके जवळ आली, पण पायी जाणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

दुसरी, सीमा बदलायची असेल तर वेळेवर सांगावे. अर्ज भरायला सुरुवात झाल्यावर नियम बदलणे म्हणजे धावण्याच्या शर्यतीत मध्येच अंतिम रेषा हलवणे. मोठ्या भावंडाच्या शाळेत धाकट्याला प्रवेश मिळावा, एवढी तरी सवलत असावी. दोन मुलांना दोन दिशांना पोहोचवताना आईची होणारी ओढाताण नियम करणाऱ्यांनी एकदा पाहावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, सरकारी शाळा चांगल्या व्हाव्यात. मध्य प्रदेशाने सीएम राइज नावाने आधुनिक सरकारी शाळा सुरू केल्या, २०२५ मध्ये त्यांना सांदीपनी विद्यालय असे नाव दिले. दूरवरच्या मुलांना बसने आणण्याची त्यात कल्पना आहे. अशी एक चांगली शाळा रांझीत, एक गढ्यात, एक अधारतालमध्ये नावारूपाला आली तर वॉर्डाच्या क्रमांकाची किंमत आपोआप उतरेल.

पालकांनीही काही पथ्ये पाळायला हवीत. अर्ज भरण्यापूर्वी रहिवासाचा पुरावा, जन्माचा दाखला, आधार यांतली नावे आणि पत्ते जुळतात का ते पाहावे. घर बदलले असेल तर कागदपत्रे आधीच दुरुस्त करून घ्यावीत. पसंतीक्रमात फक्त नावाजलेल्या शाळा न भरता स्वतः जाऊन पाहिलेल्या दोन-तीन साध्या, चांगल्या शाळाही घालाव्यात. कागदपत्रांच्या पडताळणीची तारीख चुकवू नये, त्यामुळे हाती आलेली जागा जाते. दलालाच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये. सोडत संगणकावर निघते, तिथे त्याचा काहीच उपयोग नसतो.

आणि ज्यांच्या मुलांना प्रवेश मिळाला आहे, फी भरून किंवा सोडतीतून, त्यांनी एक गोष्ट अवश्य करावी. रस्त्यापलीकडून आलेल्या मुलाला आपल्या मुलाच्या वाढदिवसाला बोलवावे. शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचवायला नियम पुरेसे असतात, पण आत गेल्यावर त्याच्या शेजारी कुणी बसले नाही तर रेषा तिथेही येतेच. ती पुसणे मात्र कोणत्याही न्यायालयाच्या हाती नाही, ते आईबापांनाच करावे लागेल.